व्हॉट्सॲपवर पोलिसांची नोटीस आली. भावाला पोलीस स्टेशनला पाठवावं का?

भाऊ नाशिकच्या सिडकोत राहतो, फसवणुकीचा गुन्हा दाखल झालाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर आलीय आणि गेला तर अटक होईल अशी भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय.

माझं मत स्पष्ट आहे: पाठवा, पण तयारीनिशी. ही नोटीस अटकेऐवजी दिली जाते. हजर राहून सहकार्य करणाऱ्याला पोलिसांनी कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. गैरहजेरी मात्र अटकेचं आयतं कारण ठरते. व्हॉट्सॲपवर पाठवणं म्हणजे रीतसर बजावणी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय; तरी तेवढ्यावर विसंबून घरी बसू नका.

आधी महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवरून एफआयआर काढा. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण वेगळे आहेत. चुकीचं निवडलं तर गुन्हा सापडत नाही. त्यातली कलमं वकिलाला दाखवा. नुसतं भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), म्हणजे फसवणूक, असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत. सोबत बनावट दस्तऐवजाचं ३३८ असेल तर ती जन्मठेपेपर्यंत जाते, मग आधी अटकपूर्व जामिनाचं बघा. तो अर्ज अटकेआधीच करता येतो.

जाताना लेखी अर्ज दोन प्रतींत न्या: गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), नोटीस कधी व कशी मिळाली, आज हजर आहे, नोटीस कागदावर मिळावी. एका प्रतीवर बारनिशीत (आवक-जावक टेबलावर) शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच दिली नाही तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. ही पोच फार मोलाची, कारण पुढे ‘आरोपी हजर राहत नाही’ असं कोर्टात सांगितलं गेलं तर दाखवायला हाच कागद असतो.

पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही लागत नाही (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१). कोऱ्या कागदावर तर कधीच करू नये. स्वतःला गोवणारं उत्तर देण्याची सक्ती नाही. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र वकील पूर्णवेळ शेजारी बसू शकत नाही.

तरीही अटक झालीच, तर घरचे लगेच जामीनदार शोधायला धावतात. त्याआधी अटकेची कारणं लेखी, त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली का ते विचारा. रिमांडच्या, म्हणजे कोठडीसाठी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याच्या, किमान दोन तास आधी ती मिळायलाच हवीत; नसतील तर वकिलाने पहिल्याच रिमांडला तो मुद्दा घ्यावा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावंच लागतं. वकील परवडत नसेल तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.