सोळा फुटी होडीसाठी चार फुटी नमुना

तुम्ही विचारलंय की सांगली जिल्ह्यात भिलवडीकडच्या तुमच्या गावासाठी पुरात वापरायला सोळा फुटी, आठ माणसांची होडी बांधायची आहे. ती शर्यतीच्या होडीसारखी निमुळती ठेवावी की रुंद, हे लहान नमुना करून आधी कळेल का?

कळेल. नमुना पाण्यात सोडून बघितल्याशिवाय प्लायला करवत लावूच नका. मी हरिपूरला संगमाजवळ राहतो, फायबरचं काम करतो आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नमुना एकास चार प्रमाणात करा, म्हणजे चार फुटांचा. लांबी, रुंदी, उंची सगळं चौथा हिस्सा झालं की वजन ४ × ४ × ४, म्हणजे चौसष्टावा हिस्सा होतं. ६४ किलोचा माणूस नमुन्यात बरोबर १ किलोचा होतो. किराणा दुकानातल्या मिठाच्या आठ पुड्या आणल्या की तुमची आठ माणसं तयार! होडी १९२ किलोची होणार असेल तर रिकामा नमुना ३ किलोच भरला पाहिजे. वेग मात्र चौथा हिस्सा धरायचा नाही. तो लांबीच्या वर्गमुळाच्या हिशोबाने उतरतो, म्हणजे निम्मा. खरी होडी ताशी ६ किलोमीटरने जाणार असेल तर नमुना ताशी ३ ने ओढा. मग दोन्हींभोवती उठणाऱ्या लाटांची ठेवण सारखी असते, फक्त नमुन्याच्या लाटा चौथ्या हिश्श्याच्या.

हा नियम विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरच्या नावाने ओळखला जातो. १८६७ च्या सुमारास त्याने इंग्लंडमधल्या डार्ट नदीत टोकदार आणि गोलसर असे दोन आकारांचे नमुने ओढून पाहिले. कुठलाच आकार सगळ्या वेगांना सरस ठरला नाही, वेग बदलला की क्रम बदलला. पुढे १८७१ मध्ये ‘ग्रेहाउंड’ हे खरं जहाज समुद्रात ओढून नमुन्यावरचा अंदाज ताडून पाहिला गेला, आणि तो जुळला. आपल्या खडकवासल्याच्या जल संशोधन केंद्रात धरणांच्या सांडव्यांचे नमुने तपासतात तेही याच नियमावर.

एक अडचण आहे. पाण्याचं घर्षण या हिशोबात बसत नाही, लहान नमुन्याला ते प्रमाणाबाहेर जास्त लागतं. त्यामुळे नमुना ओढायला लागलेल्या जोराला ६४ ने गुणून ‘एवढ्या ताकदीचं इंजिन हवं’ असं ठरवू नका. तुम्हाला दोन आकारांतला चांगला कोणता एवढंच बघायचंय. दोन्ही नमुने सारख्या लांबीचे, सारख्या वजनाचे करा, एका आडव्या काठीच्या दोन टोकांना बांधा आणि काठी मधोमध धरून ओढा. ज्याला विरोध जास्त तो मागे पडेल. दोघांच्याही पुढच्या टोकामागे वाळू चिकटवलेली बोटभर पट्टी लावा, म्हणजे अंगालगतचं पाणी दोन्हीकडे सारखंच ढवळेल. जागा म्हणून शेततळं उत्तम. नदीच्या वाहत्या पाण्यात तुलना फसते. पण तळ्याचा प्लास्टिक कागद फार निसरडा असतो, दोर आणि जॅकेटशिवाय काठावर जाऊ नका.

आता खरं महत्त्वाचं. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली होडी उलटली आणि माणसं गेली. पुराच्या होडीत मी वेगाआधी ती कलते किती हे बघतो, आणि नमुना सर्वात खरं उत्तर इथेच देतो, कारण कलण्याचा कोन लहान-मोठ्या दोन्ही होड्यांत सारखाच येतो. फक्त पुड्या तळाशी टाकून ठेवू नका. बसलेल्या माणसाचा भार बाकाच्या साधारण वीतभर वर असतो, उभ्या माणसाचा बेंबीच्या आसपास. त्या उंचीचा चौथा हिस्सा धरून पुड्या ठोकळ्यांवर बांधा. आधी सगळी बसलेली, मग तीन जण एका कडेला उभे, मग सगळेच एका बाजूला. घाबरलेली माणसं झाडाची फांदी किंवा गच्चीचा कठडा धरायला अशीच एकदम धावतात. कडेवरून पाणी आत आलं तर तो आकार बाद.

निमुळती होडी इथेच हरते. वजन तेच ठेवून पाण्याच्या पातळीला रुंदी सव्वापट केली, तर रुंदीमुळे मिळणारा तोल जवळजवळ दुप्पट होतो. शर्यतीच्या होड्यांवर माझं प्रेम आहे, पण त्यांत सरावलेले वल्हेकरी एका लयीत बसलेले असतात. पुरात तुमच्या होडीत म्हातारी माणसं, लेकरं आणि शेळ्या असणार.

नंतर नमुना पाण्याने काठोकाठ भरा. बाकाखालच्या बंद कप्प्यांवर तो पुड्यांसकट तरंगला पाहिजे. नाहीतर कप्पे वाढवा.

मजबुतीबद्दल नमुन्यावर विसंबू नका. त्याच मालाच्या लहान होडीवर ताण चौथा हिस्साच येतो, त्यामुळे नमुना तडकला नाही याला काही अर्थ नाही. प्लायची जाडी आणि आतल्या फासळ्या अनुभवी होडीवाल्याला दाखवून ठरवा.

मोठी होडी झाली की उन्हाळ्यात, कमरेइतक्या पाण्यात, आधी वाळूची पोती घालून हीच परीक्षा घ्या. एका फळीवर ओळंबा बांधून कलण्याचा कोन मोजा. नमुन्याशी जुळला नाही तर वजन किंवा भाराची उंची कुठेतरी चुकली आहे. ते सापडेपर्यंत होडीत माणूस बसवू नका.