इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये धाग्यांवर मणी का येतात?

इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे उच्च व्होल्टेज लावून सुईतून पॉलिमरच्या द्रावणाची धार ओढायची आणि तिचे अतिसूक्ष्म धागे करायचे. समजा, ५ टक्के पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पॉलिमरचं) पाण्यातलं द्रावण तुम्ही १५ किलोव्होल्टवर चालवताय आणि सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांवर मणी दिसतायत. व्होल्टेजला हात लावण्याआधी द्रावणाकडे बघा. बहुतेक वेळा ते पातळ असतं. पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतल्या नाहीत, की पृष्ठताण वरचढ ठरतो आणि धार जागोजागी थेंबांत गोळा होते. कोळ्याच्या जाळ्यावर दव ओवलेलं दिसतं ना, तसंच.

८ टक्के करा, मग १०. मणी आधी चातीसारखे लांबट होतील, मग नाहीसे होतील. धागे थोडे जाड होतील, ते चालवून घ्या. तरीही राहिलेच, तर अगदी चिमूटभर मीठ घाला. वाहकता वाढते आणि धार जास्त ताणली जाते.

सुईच्या टोकावर बाजूने उजेड पाडून बघा. तिथे स्थिर, टोकदार शंकू दिसायला हवा. थेंब गळत असेल तर सिरिंज पंपाचा वेग कमी करा. पावसाळ्यात पाणी वेळेत उडत नाही, धागे ओलेच पडतात आणि एकमेकांना चिकटतात. तेव्हा खोलीत डीह्युमिडिफायर लावाच.

आणि कळकळीने सांगतो, पुरवठा बंद करून सुईला अर्थिंगची दांडी टेकवल्याशिवाय तिला हात लावू नका.