विंटेज गाडीसाठी रिप्रोडक्शन हॉर्न घ्यावा की जुनाच रिस्टोअर करावा?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९५० च्या दशकातली ब्रिटिश आहे, १२ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं), ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या विंडटोन हॉर्नची मूळ जोडी अजून गाडीवरच आहे, त्यातला एक घोगरा वाजतो आणि दुसरा नुसता टक् करून गप्प बसतो, आणि आता त्याच दिसण्याची नवीकोरी रिप्रोडक्शन जोडी मिळतेय तर ती घेऊन मोकळं व्हावं का. माझं म्हणणं असं की आधी जुने उघडून पडदा बघा, म्हणजे डायफ्राम. पडदा धड असेल तर डोळे झाकून रिस्टोअर करा. पडदा गेलेला असेल तर मग रिप्रोडक्शनचं बोलू. कॉइल, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट), गॅस्केट, रंग, प्लेटिंग हे सगळं नीट करता येतं, पडद्याचं मात्र तसं नाही.

का ते सांगतो. हॉर्नच्या पोटात एक इलेक्ट्रोमॅग्नेट असतो, समोर पातळ स्टीलचा पडदा आणि पडद्याच्या मधोमध आर्मेचर, म्हणजे लोखंडी तुकडा, बसवलेला. बटण दाबलं की कॉइलमधून करंट जातो, आर्मेचर ओढला जातो, पडदा आत वाकतो आणि वाकता वाकता तोच आर्मेचर पॉइंट उघडतो, करंट तुटला की पडदा आपल्या ताणाने मागे येतो, पॉइंट परत जुळतात, परत ओढ, असं सेकंदाला काहीशे वेळा चालतं. विंडटोनमध्ये ही थरथर पुढे गोल गुंडाळलेल्या ट्रम्पेटमध्ये जाते आणि आतला हवेचा स्तंभ घुमतो, तुतारीत ओठ थरथरतात पण सूर नळीच्या लांबीवर ठरतो ना, साधारण तसंच. म्हणून एकाच मॉडेलचे दोन हॉर्न, एक वरच्या सुराचा आणि एक खालच्या, दोघांचे ट्रम्पेट वेगवेगळ्या लांबीचे. अंगावर एच किंवा एल असा शिक्का बघा, असतो. चपटे डिस्कचे हॉर्न वेगळे, त्यात पडद्यासोबत एक टोन डिस्क थरथरते आणि ती २००० हर्ट्झच्या आसपासचे आणि वरचे स्वर जोरात काढते, म्हणून तो आवाज टोचतो. विंडटोनचा आवाज भरदार, गोल.

आता रिप्रोडक्शनची मेख इथेच आहे. बाहेरचं कवच हुबेहूब करता येतं, ते अवघड नाही, पण काही जोड्यांमध्ये कवचाच्या आत आजकालचा साधा डिस्क हॉर्न बसवलेला असतो आणि पुढचा ट्रम्पेट नुसता शोभेला. फोटोत हे कळत नाही. घ्यायच्या आधी विकणाऱ्याला सांगा की दोन्ही हॉर्न वेगवेगळे वाजवून ऐकव आणि वाजत असताना ट्रम्पेटच्या तोंडावर तळहात धर. आवाज एकदम कोंडला तर ट्रम्पेट खरंच काम करतोय, फारसा फरकच पडला नाही तर समजून जा. वजन विचारा, अॅडजस्टिंग स्क्रू आहे का विचारा, हॉर्न उघडता येतो का तेही विचारा. चांगलं रिप्रोडक्शन बनवणारे आहेत, मनापासून करतात, आणि असल्या प्रश्नांची ते आनंदाने उत्तरं देतात.

पण त्याच्याही आधी एक काम, आणि हे प्लीज टाळू नका. बटण दाबलेलं असताना हॉर्नच्या दोन टर्मिनलवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा. तिथे बॅटरीच्या जवळपास आलं तर हॉर्न दोषी, ९ व्होल्ट वगैरे दिसलं तर तुमची वायर, बटणाचे कॉन्टॅक्ट, नाहीतर रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) दोषी आहे आणि तुम्ही कितीही नवी जोडी लावली तरी ती रडतच वाजणार. विंडटोनची जोडी करंट भरपूर खाते, म्हणून तर कंपनीने बऱ्याच गाड्यांना वेगळा हॉर्न रिले दिला होता. रिले नसेल तर सगळा करंट स्टीअरिंगवरच्या बटणातून जातो आणि त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे हॉर्न गाडीवरून काढून जाड वायरने थेट बॅटरीला लावून बघायचा, बेंच व्हाइसमध्ये नीट आवळून, हातात धरून नाही, आणि एका वेळी एकच.

तुमचा जो टक् करतो, तो मला तरी मेलेला वाटत नाही. टक् म्हणजे करंट जातोय, कॉइल जिवंत आहे, पडदा ओढला जातोय, फक्त पॉइंट उघडत नाहीत. एकतर व्होल्टेज कमी, नाहीतर पॉइंट चिकटलेत, नाहीतर अॅडजस्टमेंट सरकलीय. (अजिबात आवाज नसता, टक् पण नाही, तर मी कॉइल तुटलीय किंवा पॉइंटवर गंज आहे म्हटलं असतं.) अॅडजस्टमेंटचा स्क्रू छोटा असतो, तो घड्याळाच्या उलट फिरवत जायचं, हॉर्न वाजायचा जेमतेम बंद होईल तिथपर्यंत, आणि मग घड्याळाच्या दिशेने पाव फेरा परत. वाजवताना छोटे छोटे टप्पे, लांब दाबून धरायचं नाही, कारण पॉइंट उघडत नसतील तर कॉइल भाजून निघते. आणि मधला खाच असलेला कोअर, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटचा लोखंडी गाभा, आणि त्याचा लॉकनट, त्याला हात लावू नका, ती कारखान्यातली सेटिंग आहे. बऱ्याच लोकांना वाटतं अॅडजस्टमेंटच्या त्या छोट्या स्क्रूने सूर बदलतो, तसं नाहीये, तो फक्त पॉइंटची झीज भरून काढायला आहे.

घोगऱ्याचं कारण शोधायला ट्रम्पेटच्या आत टॉर्च मारा. उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या हॉर्नमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते, ते निघालं तर आवाज तिथल्या तिथे मोकळा होतो. नसेल काही तर गॅस्केट सुटलंय, ट्रम्पेट सैल आहे किंवा पडद्याला तडा आहे, आणि मग उघडल्याशिवाय इलाज नाही.

उघडताना कडेचे रिव्हेट असतील तर ते ड्रिलने काढावे लागतात, स्क्रू असतील तर सोपं. आधी दोन्ही भागांवर खूण करा म्हणजे परत त्याच कोनात बसतील, आणि जुनं गॅस्केट फाटलं तरी फेकू नका, व्हर्निअरने जाडी मोजा. ही गोष्ट लोक सगळ्यात जास्त विसरतात. आर्मेचर आणि कोअरमधली हवेची फट या गॅस्केटच्या जाडीवर ठरते, तुम्ही दिसेल तो जाड कागद कापून लावला की फट वाढते, ओढ कमी पडते आणि मग हॉर्न करंट खातो पण आवाज देत नाही, आणि माणूस म्हणतो रिस्टोअर करून काही उपयोग झाला नाही. पॉइंट बहुतेक टंगस्टनचे असतात, कडक, त्यांना बारीक दगडाने नाहीतर पॉलिश पेपरने सपाट करून स्पिरिटने पुसून घ्या, कागदाचा एक कणही मध्ये राहायला नको. कॉइलचा रेझिस्टन्स अगदी कमी दिसेल, म्हणून मीटरच्या दोन्ही पिन आधी एकमेकींना टेकवून काय आकडा येतो तो वजा करा. कॉइल तुटलेली असली तरी घाबरायचं कारण नाही, मोटर वाइंडिंग करणारा माणूस तारेचा गेज आणि वेढे मोजून तशीच भरून देतो.

आता पडदा. तो उजेडासमोर धरा. वरवरचा गंज असेल तर हलक्या हाताने साफ होतो. गंजाने खड्डे पडले असतील, टाचणीएवढं भोक असेल, किंवा मधल्या भोकाभोवती केसासारखा तडा असेल (तिथेच सगळा ताण येतो म्हणून तडा तिथूनच सुरू होतो) तर तो पडदा गेला. त्याला वेल्ड करू नका, ठोकून सरळ करू नका. पत्र्यातून नवा कापता येतो असं कुणीतरी सांगेलच तुम्हाला, कापता येतो हो, पण जाडी, स्टीलचा कडकपणा आणि दाबून दिलेला आकार हे तिन्ही जमलं तरच तो मूळ सुरात वाजेल, आणि ते घरच्या वर्कशॉपमध्ये जमणं फार कठीण. त्यापेक्षा त्याच मॉडेलचा दुसरा एखादा भंगारातला हॉर्न मिळवा ज्याचं कवच गेलंय पण पडदा चांगला आहे, आणि दोनातून एक करा. एचचा पडदा एचलाच, एलचा एललाच, आदलाबदल नको.

रंगाबद्दल थोडंच सांगतो. बंद हॉर्न सँडब्लास्टिंगला देऊ नका, वाळू आत जाऊन पॉइंटमध्ये बसते आणि परत निघत नाही. पावडर कोटिंग २०० डिग्रीच्या आसपास भाजतात, आत कॉइल असताना ते केलं तर तारेवरचं इन्सुलेशन खलास. पडद्यावर जाड रंगाचा थर नको, त्याने वजन वाढतं. कवचावर तारखेचा किंवा मॉडेलचा शिक्का असेल तर तो पुट्टीने भरून टाकू नका, पुढे कधी ही जोडी मूळची आहे हे दाखवायला तोच उपयोगी पडतो.

आणि रिप्रोडक्शन कधी घ्यावं, तर पडदा गेलाय आणि दुसरा मिळत नाही तेव्हा नक्की घ्या. किंवा कवच झिंकच्या ओतीव धातूचं आहे आणि ते फुगून तडकायला लागलंय. युद्धाआधीच्या गाड्यांच्या ओतीव भागांना हा रोग फार होतो, ओतताना त्यात शिसं वगैरे अशुद्धता राहिलेली असते आणि धातू आतून कणाकणाने सुटत जातो, त्यावर उपचार नाही, प्लेटिंगवाल्याकडे दिलं तर हातात भुगा येतो. गाडी रोज गर्दीत चालवत असाल तरी रिप्रोडक्शनला माझी हरकत नाही, हॉर्न ही सुरक्षेची गोष्ट आहे, तो दाबल्यावर वाजलाच पाहिजे, शिवाय कायद्याने लागतोच. फक्त जोडी घ्या, एक जुना आणि एक नवा असं मिसळू नका, दोन सुरांमधलं अंतर ठरवून ठेवलेलं असतं, ते बिघडलं की ऐकवत नाही.

घेतलं तर तुमच्या गाडीत दोन गोष्टी हमखास तपासा. एक, त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांमध्ये हॉर्नला सप्लाय थेट येतो आणि बटण अर्थची बाजू जोडतं, म्हणून मूळ हॉर्नची दोन्ही टर्मिनल बॉडीपासून वेगळी असतात. रिप्रोडक्शन जर एकाच टर्मिनलचं असेल आणि अर्थ ब्रॅकेटमधून घेत असेल तर बॅटरी जोडल्याजोडल्या ते वाजायला लागेल आणि थांबणारच नाही, मग रिले टाकून वायरिंग बदलावं लागेल. दुसरं पॉझिटिव्ह अर्थचं. जुन्या कॉइल-पॉइंटच्या हॉर्नला प्लस मायनस कुठूनही द्या, त्याला फरक पडत नाही, पण आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला नवा हॉर्न उलटा जोडला तर जळतो. कुणाची गाडी ६ व्होल्टची असेल तर तर अजूनच जपून, नवे हॉर्न बहुतेक १२ चे असतात आणि ६ वर ते जेमतेम कण्हतात.

कुणी याहून जुन्या गाडीसाठी वाचत असेल, क्लॅक्सन असलेल्या, म्हणजे मोटरवाला भोंगा ज्यात दातेरी चाक पडद्यावरच्या पिनला घासत जातं, तर तिथे मी रिस्टोअरच्या बाजूने आणखी ठाम आहे. कार्बन ब्रश, कॉम्युटेटर, बेअरिंग, सगळं साधं आणि दुरुस्त होण्यासारखं. बटण सोडल्यावर मोटर मंदावत जाते आणि आवाज खाली उतरत जातो, तो उतार हीच त्याची ओळख, आणि इलेक्ट्रॉनिक नकलेत तो उतार कानाला लगेच खोटा वाटतो.

माझी बाजू कुठे आहे हे तुम्हाला कळलंच असेल. गाडीचा रंग, सीट, काचा या सत्तरएक वर्षांत एकदा तरी बदललेल्या असतात, पण तुमच्या गाडीचा तो आवाज अजून मूळचा आहे, आणि तो दुसऱ्या कुठल्याच गाडीतून निघणार नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. फिवा, म्हणजे जुन्या वाहनांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन चार्टरचा सगळा भर यावरच आहे की आधी जपा, मग दुरुस्त करा, बदलणं अगदी शेवटी, आणि बदललंच तर तो भाग नंतर ओळखता आला पाहिजे.

म्हणून रिप्रोडक्शन लावलंत तरी जुनी जोडी विकू नका, एक्स्चेंजमध्ये तर अजिबात देऊ नका. ट्रम्पेटचं तोंड कापडाने बंद करून, तेलाचा हलका हात फिरवून, कोरड्या डब्यात ठेवा आणि डब्यावर गाडीचा चेसिस नंबर लिहा. आणि रिस्टोअर केलेली बसवणार असाल तर तुमचाच जुना ब्रॅकेट वापरा, हॉर्न किंवा ट्रम्पेटची कड आजूबाजूच्या पत्र्याला कुठेच टेकत नाहीये हे बोट फिरवून बघा, ट्रम्पेटचं तोंड थोडं खाली ठेवा म्हणजे पाणी साठणार नाही, आणि दोन्ही एकत्र जोडायच्या आधी एकेक वेगळा वाजवून घ्या.