वाचकांचे प्रश्न : घरी शिकणाऱ्या मुलासाठी तर्कशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा आहे, घरीच शिकतो आणि दहावीला मुक्त विद्यालयातून बसणार आहे. त्याला तर्कशास्त्राची ओळख करून द्यायची आहे. स्पर्धा परीक्षांची ‘रीझनिंग’ची पुस्तके, तर्कदोषांचे इंग्रजी संच आणि बालभारतीचे अकरावीचे तर्कशास्त्राचे पुस्तक असे तीन पर्याय दिसतात. मी हा विषय शिकलेले नाही. काय निवडू?
– एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : रीझनिंगची पुस्तके या कामाची नाहीत. अंकमालिका, दिशा, नातेसंबंध, सांकेतिक भाषा यांच्या सरावाने वेग वाढतो. पण समोरच्याचे म्हणणे कशाच्या आधारावर उभे आहे आणि तो आधार पुरतो का, हे त्यातून शिकायला मिळत नाही.

तर्कदोषांचे, म्हणजे युक्तिवादातल्या नेहमीच्या चुकांचे, संच आकर्षक असतात, पण त्यांनी सुरुवात करू नका. आधारविधान (ज्यावरून निष्कर्ष काढला ते विधान) कुठले आणि निष्कर्ष कुठला हे वेगळे काढता येण्याआधी दोषांची नावे हाती आली, की मूल चांगल्या युक्तिवादालाही नाव चिकटवू लागते. ‘हा ठेकेदार आधी दोनदा काम अर्धवट टाकून गेला, त्याला पुन्हा काम देऊ नये,’ असे कोणी म्हटले की ते लगेच ‘व्यक्तीवर हल्ला’ म्हणते. इथे तर त्या माणसाचा भरवसा हाच मुद्दा आहे, म्हणून दोष नाही. हा संच अभ्यासाच्या वर्षातल्या शेवटच्या दोन महिन्यांसाठी ठेवा.

कणा म्हणून अकरावीचे पुस्तक घ्या. ते मराठीत आहे आणि त्याची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. मात्र पहिल्या पानापासून सरळ वाचत जाऊ नका. चौदा वर्षांच्या मुलाला सुरुवातीच्या व्याख्या कोरड्या वाटतात.

आधी सहा आठवडे वही आणि वर्तमानपत्र. आठवड्यातून चार दिवस, रोज अर्धा तास. अग्रलेखातला किंवा वाचकांच्या पत्रातला एक परिच्छेद घ्यायचा, निष्कर्षाखाली दोन रेघा मारायच्या, आधारविधानांना क्रमांक द्यायचे. न बोलता गृहीत धरलेले विधान वेगळ्या रंगाने लिहायचे. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘त्यामुळे’ हे शब्द मदत करतात. पण पुष्कळदा ते नसतातच, आणि खरा सराव तिथेच होतो.

याच काळात सत्यता आणि वैधता यांतला फरक पक्का करा. विधान खरे असणे ही सत्यता; आधार खरे मानले तर निष्कर्ष खरा मानावाच लागणे ही युक्तिवादाची वैधता. ‘सगळ्या नद्या पश्चिमेकडे वाहतात. गोदावरी नदी आहे. म्हणून गोदावरी पश्चिमेकडे वाहते.’ युक्तिवाद वैध आहे, निष्कर्ष मात्र असत्य, कारण पहिले विधानच असत्य आहे. हा फरक मुलाने स्वतःच्या तीन उदाहरणांनी दाखवला तरच पुढे जा.

दुसरी कसोटी अशी. ‘गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून मोठा विसर्ग सोडला तर खाली नाशिकच्या रामकुंडावर पाणी चढते. रामकुंडावर पाणी चढले आहे. म्हणून विसर्ग सोडला आहे.’ बहुतेक मुले ‘बरोबर’ म्हणतात. धरणाखालच्या भागात जोराचा पाऊस झाला तरी पाणी चढते, म्हणजे दोन्ही आधार सत्य असूनही निष्कर्ष असत्य असू शकतो. असा प्रसंग कल्पून युक्तिवाद पाडून दाखवणे ही या वर्षातली सगळ्यात मोलाची सवय.

मग सत्यता कोष्टके, म्हणजे विधाने सत्य-असत्य असण्याच्या सगळ्या शक्यता ओळीओळीने मांडून संपूर्ण विधान केव्हा सत्य ठरते ते दाखवणारे तक्ते. दोन विधानांना ४ ओळी, तीनला ८, चारला १६. मुले अडखळतात ती ‘जर–तर’पाशी : पहिला भाग असत्य असताना संपूर्ण विधान सत्य कसे? ‘पाऊस आला तर छत्री देईन’ हे वचन फक्त एकाच परिस्थितीत मोडते, पाऊस आला आणि छत्री दिली नाही तेव्हा. उरलेल्या तीन ओळींत ते मोडलेले नाही. आठ ओळींचे कोष्टक न चुकता जमेपर्यंत सिद्धतेकडे, म्हणजे आधारविधानांपासून नियमांनी एकेक ओळ काढत निष्कर्षापर्यंत जाण्याकडे, वळू नका. उत्तर तपासायला तुम्ही तेच कोष्टक वेगळ्या कागदावर करा आणि शेवटचा स्तंभ जुळवा. त्यासाठी तुम्ही विषय शिकलेल्या असण्याची गरज नाही.

सिद्धतेत एक चूक हमखास होते. अनुमानाचे नियम पूर्ण ओळीलाच लागतात, ओळीतल्या तुकड्याला नाही. तुकड्याला चालतात ते फक्त त्याच्या जागी त्याचेच समानार्थी रूप ठेवण्याचे नियम. प्रत्येक ओळीपुढे नियमाचे नाव आणि ज्या ओळींवरून ती आली त्यांचे क्रमांक लिहायला लावा. चूक कुठे झाली ते तुम्हालाही दिसेल.

मधेच पुस्तक बदलू नका. पारंपरिक तर्कशास्त्रात ‘सर्व अ हे ब आहेत’ यावरून ‘काही अ हे ब आहेत’ निघते. आधुनिक पद्धतीत निघत नाही, कारण तिथे अ मुळात अस्तित्वात आहेत असे धरलेले नसते. दोन पुस्तकांची उत्तरे जुळत नाहीत आणि मुलाला वाटते आपलेच चुकले.

प्रश्न : मुलीने हे घरी शिकले तर पुढे परीक्षेत उपयोग होईल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : होईल. राज्य मंडळाच्या कला शाखेत अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा स्वतंत्र विषय घेता येतो. विज्ञान शाखेच्या बारावी गणिताच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण गणितीय तर्कशास्त्राचे आहे आणि कोष्टके येणाऱ्या मुलीला ते सोपे जाते. बारावीला खासगीरीत्या बसवायचे असेल तर १७ नंबरच्या फॉर्मची मुदत आणि उपलब्ध विषय यांची चौकशी मंडळाच्या नाशिक विभागीय कार्यालयात आधीच करा.