दुसरीतल्या मुलीला पासवर्ड तयार करायला आणि जपायला कसे शिकवावे?

आपली मुलगी सात वर्षांची आहे, शाळेच्या ॲपसाठी तिला प्रथमच स्वतःचा पासवर्ड ठेवायचा आहे, आणि तो तिने कसा तयार करावा व कसा जपावा, असे आपण विचारले आहे. मी प्राथमिक वर्गांना संगणक शिकवते. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

पासवर्ड तिला मनाने सुचवू देऊ नका. मुलांना, आणि आपल्यालाही, आधी सुचते ते स्वतःचे नाव, वाढदिवस किंवा ओळीने येणारे आकडे. २००९ साली ‘रॉकयू’ या कंपनीकडून तीन कोटींहून अधिक पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा त्यांत सर्वाधिक वेळा आढळलेला पासवर्ड १२३४५६ हा होता. म्हणून मी वर्गात चिठ्ठ्यांचा डबा ठेवते. मुलांना ठाऊक असलेले शंभर शब्द, म्हणजे फणस, पतंग, बेडूक, चमचा असे, एकेका चिठ्ठीवर लिहायचे आणि डोळे मिटून चार वेळा चिठ्ठी काढायची. प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी डब्यात परत टाकायची. चार आकडी पिनच्या दहा हजार शक्यता असतात, तर या चार शब्दांच्या दहा कोटी होतात, आणि ‘पतंग चमचा बेडूक फणस’ हे चित्र मुलांच्या डोक्यात सहज राहते. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते अडवणाऱ्या शाळेच्या ॲपसाठी एवढे पुरेसे आहे. आपल्या बँकेसाठी मात्र ही पद्धत वापरू नका.

मराठी घरांत येणारी एक अडचण आधीच सांगते. हे शब्द बहुधा रोमन अक्षरांत टाइप करावे लागतात, आणि ‘चमचा’च्या शेवटी ‘ए’ हे अक्षर एकदा लिहायचे की दोनदा, हे मूल दर वेळी वेगळे ठरवते. तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्याबरोबर बसून स्पेलिंग पक्के करा, तिच्याच हाताने कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घरच्या कपाटात ठेवा, दप्तरात नव्हे.

जपण्याचा भाग अधिक नाजूक आहे. ‘आईबाबांपासून काहीही लपवायचे नाही’ असे आपण मुलांना शिकवतो, आणि ते शिकवलेच पाहिजे, पण लगेचच ‘पासवर्ड कोणालाही सांगू नकोस’ असे म्हटले की मूल गोंधळते. त्यामुळे ‘कोणालाही नाही’ असे न म्हणता नेमके सांगा की, पासवर्ड तिला आणि घरातल्या अमुक दोन मोठ्या माणसांना ठाऊक असेल, बाकावरच्या मैत्रिणीला नाही, आणि मागणाऱ्या मैत्रिणीला ‘आईने नको म्हटले आहे’ असे उत्तर देता येते. मुले पासवर्ड देतात ते बहुतेक वेळा प्रेमापोटी, त्यामुळे नकार देण्यासाठी त्यांच्या तोंडी एक तयार वाक्य असणे फार उपयोगी पडते. आपणही पाहुण्यांसमोर फोनचा पिन मोठ्याने सांगत असाल, तर ते आधी थांबवा, कारण मूल तेच उचलते.

माझ्या हातून एकदा चूक झाली. तिसरीतल्या एका मुलीने बाकावरच्या शेजारणीला पासवर्ड सांगितला आणि शेजारणीने तिचे चित्र पुसून टाकले. मी रडणाऱ्या त्या मुलीलाच वर्गासमोर रागावले. त्यानंतर कितीतरी दिवस कोणतेही मूल अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आले नाही, आणि याचे मला आजही वाईट वाटते. सांगितल्यावर बोलणी बसत असतील, तर मूल पुढच्या वेळी गप्प राहते, आणि उद्या हीच मुलगी मोठी होऊन एखाद्या फसव्या लिंकवर माहिती देऊन बसली, तर तेही लपवील.

ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनेही २०१७ साली ती सक्ती नको असे म्हटले, कारण माणसे जुन्याच पासवर्डला शेवटी एक आकडा जोडतात. तो कोणाला कळला असेल तेव्हा मात्र त्याच दिवशी बदला. न रागावता डबा पुढे करा आणि चिठ्ठ्या तिलाच काढू द्या.