घरी शिकवलं तर केस होते काय?

"शाळेतून नाव काढून मुलाला घरीच शिकवलं, तर आमच्यावर केस होते काय?" बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून येणाऱ्या पालकांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, एका कुटुंबाच्या अनुभवाच्या आधारे त्याचे उत्तर लिहावे असे वाटले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

खानापूर तालुक्यातील ते दांपत्य आले, तेव्हा त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा चार महिने शाळेत गेलेला नव्हता. वाचताना अडखळतो म्हणून त्याला वर्गात वारंवार उभे केले जात असे. आई घरी शिकवू लागल्यापासून मात्र तो आपणहून पुस्तक उघडू लागला होता. वडिलांच्या मांडीवर झेरॉक्सची जाड फाईल होती. जन्मदाखला, आधार, रेशन कार्ड, प्रगतिपुस्तक असे सगळे त्यात होते आणि बोलताना ते तिचा कोपरा सारखा दुमडत होते.

कायदा समजावणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, असे काही सहकारी मानतात. मला ते पटत नाही, कारण भीतीला नेमका आकार मिळाल्याखेरीज ती कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून शिक्षण हक्क कायद्यातील तरतुदी मी त्यांच्यासमोर जशाच्या तशा ठेवल्या. हा कायदा २००९ चा असून १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत दाखल करणे हे कलम १० नुसार पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा तुरुंगवास या कायद्यात सांगितलेला नाही. बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्याय मिळाला; इतर मुलांच्या गृहशिक्षणाबद्दल कायदा काहीच बोलत नाही, त्यामुळे त्याचा परवानाही नाही आणि नोंदणीही नाही.

"मग चंदगडला मामाच्या पत्त्यावर नाव घातलं तर?" वडिलांनी विचारले. चंदगड महाराष्ट्रात असले, तरी हा केंद्राचा कायदा असल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंना तो सारखाच आहे, आणि नावापुरता दाखला घेतल्याने केवळ एक खोटी नोंद तयार होते, हे मी स्पष्ट सांगितले. गल्लीतील आणखी चार मुले गोळा करून वर्ग चालवावा, असे आईच्या मनात होते. तिथे मात्र मी त्यांना थांबवले. कारण मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास कलम १८ नुसार एक लाख रुपयांपर्यंत आणि पुढे चालूच ठेवल्यास दिवसाला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

तरीही वडिलांचा हात फाईलवरून हलला नाही. तिसऱ्या भेटीला मी मुलालाही बोलावले आणि सकाळी दहा वाजता तो काय करतो, एवढेच विचारले.

"खिडकी लावून घेतो. पोरं शाळेला जात असतात."

"आणि बाई चौकशीला आल्या तर?"

"मला ताप आहे म्हणायचं."

"ताप कधीपासून आहे?"

"पावसाळ्यापासून."

वडिलांनी फाईल खाली ठेवली. आई रडू लागली आणि मी तिला रडू दिले. कुटुंबातील मोठ्यांना जी भीती पेलत नाही, ती घरातला सर्वांत लहान माणूस वाहतो, हे सूत्र मी अनेक वर्षे मानत आले आहे. पण वाचता येत नाही म्हणून आधीच खजील झालेल्या मुलाच्या अंगावर आपण आणखी एक आजार चढवतो, हे त्या दिवशी मला इतक्या लख्खपणे दिसले की, त्यानंतर कायद्याविषयीचा कोणताही प्रश्न मी निव्वळ माहितीचा मानलेला नाही. मुलाला दारात उभे राहून बोलता येईल असे एक खरे वाक्य हवे असते, आणि ते देण्यासाठी आईवडिलांना कायदा नीट माहीत असावा लागतो.

पुढचे काम त्या मानाने सोपे होते. एका वकिलाचा सल्ला घेऊन त्यांनी शाळेतून रीतसर टीसी घेतली, क्षेत्रशिक्षणाधिकारी कार्यालयात पत्र देऊन शिक्क्यासह पोच घेतली आणि रोजच्या अभ्यासाची वही सुरू केली. वाचनाच्या अडचणीची तपासणीही करून घेतली. शाळेत परतायचे ठरले तर कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो; न परतल्यास १४ व्या वर्षानंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा मराठीतून देता येते. पण कर्नाटकातील शाळांत २०१५ च्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. म्हणून घरी कन्नड सोडू नका, असे मी सीमाभागातील प्रत्येक पालकाला आग्रहाने सांगते.

दिवाळीनंतर वडील एकटेच भेटायला आले. शाळाबाह्य मुलांच्या पाहणीसाठी बाई घरी आल्या होत्या. आजी आतून ओरडली, "ताप आलाय म्हण रे!" मुलाने स्वतः दार उघडले आणि सांगितले, "ताप गेला, बाई. मी घरी शिकतो. वही दाखवू काय?"