आउटपुट मोकळं असतानाही स्विचमध्ये पॅकेट का अडकतं?

तुमच्या सिम्युलेशनमध्ये सोळा पोर्टांचा स्विच (नेटवर्कमधली पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, आत येणाऱ्या पोर्टावरून योग्य बाहेरच्या पोर्टाकडे धाडणारं यंत्र) पूर्ण क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आसपासच थांबतो आणि कोडमधली चूक सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. चूक नाहीच. प्रत्येक इनपुटला एकच रांग ठेवली की असंच होतं. दोन पोर्टांना 75 टक्के मिळतात, पोर्ट वाढवत नेले की आकडा 58.6 वर येऊन टेकतो. हे गणित 1987 मध्येच मांडलं गेलंय.

कोल्हापूरच्या दाभोळकर कॉर्नर चौकात एकच लेन आहे असं धरा. पुढच्या रिक्षाला सरळ जायचंय आणि समोर तुंबलंय. मागच्या केएमटी बसचा डावीकडचा रस्ता रिकामा आहे, पण ती जागची हलू शकत नाही. रांगेतलं पहिलं पॅकेट अडलं की मागच्या पॅकेटांचं असंच होतं.

म्हणून प्रत्येक इनपुटवर प्रत्येक आउटपुटसाठी वेगळी रांग करा. मग प्रश्न उरतो जोड्या लावण्याचा, म्हणजे दर फेरीत कुठल्या इनपुटने कुठल्या आउटपुटला पॅकेट द्यायचं ते ठरवण्याचा. लांब रांगांना जास्त वजन देऊन सर्वोत्तम जोड्या काढल्या तर पूर्ण क्षमता मिळते, पण 10 गिगाबिटच्या लाईनवर 64 बाइटचं पॅकेट (इथरनेटची सुरुवातीची खूण आणि दोन पॅकेटांमधली मोकळी जागा धरून) दर 67.2 नॅनोसेकंदांना येतं. तेवढ्यात तो हिशोब उरकत नाही.

इथे नेटवर्क संशोधक निक मॅकिओन यांचा आयस्लिप (iSLIP) हा जोड्या झटपट लावणारा अल्गोरिदम कामाला येतो, आणि तो मला फार आवडतो. इनपुट मागणी करतं, आउटपुट आपल्या पॉइंटरप्रमाणे (आता कुठल्या इनपुटची पाळी, हे दाखवणारी खूण) एकाला होकार देतं, इनपुट त्यातला एक होकार स्वीकारतं. सगळी मेख पुढे आहे: होकार स्वीकारला गेला तरच आउटपुटचा पॉइंटर पुढे सरकतो.

दोन पोर्ट घ्या, सगळ्या रांगा भरलेल्या. दोन्ही आउटपुट पहिल्या इनपुटला होकार देतात, एक वाया जातो. दोन्ही पॉइंटर सरकवले तर पुढच्या वेळी दोघंही दुसऱ्या इनपुटवर तुटून पडतात आणि हे असंच चालू राहतं: कायमचे 50 टक्के. नाकारलेला पॉइंटर जागेवर ठेवला तर दुसऱ्याच फेरीत दोघं वेगवेगळ्या इनपुटकडे वळतात, आणि पुढे एकही फेरी वाया जात नाही. कागदावर स्वतः करून बघाच.

मी गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत बसवतो त्या छोट्या स्विचमध्ये बहुधा सामाईक मेमरी असते, तिथे ही अडचण येत नाही. ती मोठ्या क्रॉसबारवाल्या (प्रत्येक इनपुट प्रत्येक आउटपुटला थेट जोडता येणाऱ्या जाळीच्या) राउटरची आहे.

प्रोजेक्टमध्ये सगळ्या आउटपुटना सारखा लोड देऊन थांबू नका. काही जोड्यांवर जास्त लोड टाकूनही ग्राफ काढा, कारण आयस्लिपची पूर्ण क्षमतेची खात्री सारख्या लोडपुरतीच आहे.